जप्त केलेलं कासव सोडायचं कुठे?

विमानतळावर एखाद्या प्रवाशाच्या बॅगेत स्टार कासवं सापडल्याची बातमी अधूनमधून येतच असते. फोटो ठरलेला. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओळीने मांडलेली पिल्लं, काहींच्या पायांना अजून चिकटपट्टी. मग आकडा, मग आंतरराष्ट्रीय बाजारातली किंमत, आणि शेवटचं वाक्य: 'कासवं वनविभागाच्या ताब्यात देण्यात आली.' बातमी संपली.

मी दर वेळी या शेवटच्या वाक्यापाशी अडकतो. ताब्यात दिली, मग पुढे काय? हस्तिदंत जप्त झालं तर ते कपाटात पडून राहू शकतं. कासव जिवंत असतं. त्याला रोज पाला लागतो, ऊन लागतं, आणि नीट सांभाळलं तर ते काही दशकं जगतं. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेही आधी मुद्देमालच. न्यायालयाची परवानगी मिळेपर्यंत त्याला हलवता येत नाही, आणि परवानगी मिळाल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. जंगलात सोडायचं हे ठीक, पण कुठल्या जंगलात?

या प्रश्नाचं उत्तर देण्याच्या दिशेने 2025 मध्ये एक महत्त्वाचं पाऊल पडलं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि पंजाब विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या ठिकाणच्या स्टार कासवांचा डीएनए तपासला आणि दाखवून दिलं की भारतात या कासवांचे जनुकीयदृष्ट्या दोन वेगळे गट आहेत, एक वायव्येकडचा आणि एक दक्षिणेकडचा. आपल्याकडे ही बातमी 'नवा शोध' म्हणून एक दिवस फिरली आणि विरली. मला ती जप्तीच्या बातम्यांपेक्षा मोठी वाटते. कारण तिचा सरळ अर्थ असा होतो की जप्त केलेलं कासव चुकीच्या जागी सोडणं ही आता नुसती शंका राहिलेली नाही, ती मोजता येण्यासारखी चूक आहे.

एकच शब्द, बरीच कासवं

मराठीत आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. देवळात गाभाऱ्यासमोर बसवलेलं ते कासव, विहिरीतलं ते कासव आणि वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं तेही कासवच. स्टार कासव पूर्णपणे जमिनीवरचं. माळरानावर, काटेरी झुडपांत राहतं, गवत-पाला खातं. काळसर पाठीवरच्या प्रत्येक उंचवट्यातून पिवळ्या रेषा चांदणीसारख्या फुटतात म्हणून ते नाव. शास्त्रीय नाव जिओकेलोन एलेगन्स.

त्याचं दिसणंच त्याच्या जिवावर उठलंय. थायलंड, मलेशिया, हाँगकाँग अशा ठिकाणी हौशी लोक ते पाळतात. आपल्याकडे घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते असं सांगणारेही कमी नाहीत. 2015 मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात नील डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी भारतातल्या फक्त एका व्यापारी केंद्रातून वर्षाला किमान 55,000 स्टार कासवं पकडली जातात असा अंदाज दिला होता. ट्रॅफिक या संस्थेच्या अहवालानुसार सप्टेंबर 2009 ते सप्टेंबर 2019 या दहा वर्षांत भारतात जमिनीवरची आणि गोड्या पाण्यातली मिळून किमान 1,11,310 कासवं बेकायदा व्यापारात सापडली. म्हणजे आठवड्याला दोनशेच्या वर. हा आकडा उघडकीला आलेल्या प्रकरणांवरचा आहे, न सापडलेल्यांचा नाही.

कायदा कडक होत गेला. 2019 मध्ये भारतासह काही देशांच्या प्रस्तावावरून स्टार कासव साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेलं, म्हणजे जंगलातून पकडलेल्या कासवांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर ते पहिल्या अनुसूचीत आलं. पण कायदा पकडण्यापुरता. पकडल्यावर सोडायचं कुठे हे कायदा सांगत नाही.

या कासवांचा मूळ मुलूख तुटक आहे. एक तुकडा गुजरात, राजस्थान आणि सीमेपलीकडचा सिंध. दुसरा आंध्र, तमिळनाडू, कर्नाटकाचा कोरडा भाग. शिवाय श्रीलंका. वायव्य आणि दक्षिण या दोन तुकड्यांमध्ये मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात आपल्या महाराष्ट्राचा बराच भाग येतो. त्यामुळे मुंबईत किंवा पुण्यात पकडलेलं स्टार कासव बहुतेक वेळा इथलं नसतंच. ते वाटेत सापडलेलं असतं. त्याला 'जवळच्या जंगलात सोडलं' ही गोष्ट ऐकायला छान वाटते, पण नागपूरला रेल्वेत चुकामूक झालेल्या मुलाला नागपुरातच घर शोधून देण्यासारखी आहे.

बोलीवरून गाव ओळखायचं, तसं

नुसतं बघून नाही का कळत? थोडंफार कळतं. दक्षिणेकडची कासवं साधारण लहान आणि नक्षी उठावदार, वायव्येकडची मोठी आणि रंगाने जरा मळकट. पण तस्करीत सापडतात ती बहुतेक पिल्लं, आणि पिल्लांवर हे फरक उमटलेले नसतात. बंदिस्त जागेत चुकीचा आहार मिळाला की पाठीचा आकारही बिघडतो. नक्षी हा भरवशाचा पुरावा नाही.

म्हणून डीएनए. कोविडने आपल्या सगळ्यांना स्वॅब आणि पीसीआर हे शब्द शिकवले. कासवाच्या बाबतीतही गोष्ट तिथूनच सुरू होते. तोंडाच्या आतून हलकेच फिरवलेला स्वॅब किंवा रक्ताचा एखादा थेंब. इथे कासव आपल्यापेक्षा सोयीचं आहे, कारण माणसाच्या तांबड्या पेशींत केंद्रक नसतं, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या असतं. त्यामुळे एका थेंबातही भरपूर डीएनए मिळतो. मग पीसीआरने हवा तो तुकडा वाढवायचा आणि त्यातली अक्षरं वाचायची.

वाचायचं ते दोन प्रकारचं. पहिला मायटोकॉन्ड्रियल डीएनए. हा फक्त आईकडून येतो. आईचा, तिच्या आईचा, तिच्याही आईचा, असा एकाच धाग्याने मागे जातो. आपल्याकडे आडनाव बापाकडून चालतं, इथे ते आईकडून चालतं असं समजा. हा धागा लहान आहे, साडेसोळा हजार अक्षरांच्या आसपास, आणि प्रत्येक पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात. त्यामुळे वाळलेल्या कवचातून, अगदी संग्रहालयातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नमुन्यातूनही तो काढता येतो. अडचण एकच, वडिलांबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय कासवांमध्ये हा डीएनए हळू बदलतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन ठिकाणांत फरक दिसेलच असं नाही.

दुसरा प्रकार केंद्रकातला. तिथे काही जागी एखादं छोटं अक्षरजोडपं पुन्हापुन्हा येतं, कुणात बारा वेळा, कुणात सतरा वेळा. यांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. अशा दहा-वीस जागांवरचे आकडे मांडले की त्या प्राण्याची खूण तयार होते, आणि ती आई-वडील दोघांकडून आलेली असते. माणसांच्या पितृत्व चाचणीतही अशाच पुनरावृत्त्या मोजतात.

आता एवढ्याने गाव कळतं का? एकट्या कासवाच्या डीएनएवरून नाही कळत. बसमध्ये शेजारचा माणूस बोलायला लागला की तो मालवणकडचा की वऱ्हाडातला हे आपण दोन वाक्यांत ओळखतो, कारण ती बोली आपण आधी ऐकलेली असते. अहिराणी ज्याने कधी ऐकलीच नाही त्याला 'हे काहीतरी वेगळं आहे' एवढंच कळेल, जळगाव-धुळे नाही कळणार. डीएनएचं अगदी तसंच आहे. ठिकाण माहीत असलेल्या, जंगलात राहणाऱ्या कासवांचे नमुने आधी गोळा करायचे, त्यांचा संदर्भ-संच बनवायचा, मग जप्त कासवाची खूण त्यात कुठे सर्वांत जास्त जुळते ते संख्याशास्त्राने काढायचं. उत्तर 'अमुक गाव' असं येत नाही, 'अमुक गटातलं असण्याची शक्यता इतकी' असं येतं.

2025 च्या अभ्यासाची किंमत इथे आहे. यंत्रं आपल्याकडे होतीच. नकाशा नव्हता. तो आता निदान दोन रंगांत रंगवला गेलाय.

हा विचार तसा जुना आहे हेही सांगायला हवं. हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या शास्त्रज्ञांनी 2006 मध्येच सुटका केलेल्या स्टार कासवांच्या मुळाचा शोध मायटोकॉन्ड्रियल आणि केंद्रकातला असे दोन्ही डीएनए वापरून घेतला होता. त्या निबंधाच्या शीर्षकातच सुटका आणि मायदेशी परत पाठवणी हे शब्द होते. त्यानंतर बारा वर्षांनी, नोव्हेंबर 2018 मध्ये, सिंगापूरहून 51 स्टार कासवं विमानाने बंगळुरूला परत आली. कर्नाटक वनविभाग आणि दोन स्वयंसेवी संस्थांनी ते घडवून आणलं. परत येऊ शकतात, एवढं तरी त्यातून सिद्ध झालं. पण 51 कासवं म्हणजे एका आठवड्याच्या जप्तीचा पाव भाग.

मिसळलं तर बिघडतं काय?

हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारलाय, आणि तो चुकीचा नाही. शेवटी जात एकच ना? गुजरातचं कासव आंध्रात गेलं तर काय आकाश कोसळणार?

पहिलं कारण रोगाचं. वेगवेगळ्या ठिकाणची कासवं महिनोन्महिने एकत्र ठेवली की श्वसनाचे संसर्ग एकमेकांना लागतात. न तपासता सोडलेलं कासव तो संसर्ग निरोगी कळपात घेऊन जातं. इथे डीएनएचा उपयोग मर्यादित आहे, विलगीकरण आणि पशुवैद्य जास्त महत्त्वाचे.

दुसरं कारण सवयीचं. कच्छमध्ये हिवाळा कडक असतो, पाऊस एकाच मोसमात पडतो. तमिळनाडूत पावसाचं वेळापत्रक वेगळं. अंडी कधी घालायची, थंडीत किती काळ दडून बसायचं हे त्या-त्या हवामानात हजारो वर्षांत बसलेलं असतं. दोन गटांची संतती नेमकी किती कमकुवत होईल हे आधी सांगता येत नाही, पण धोका खरा आहे.

तिसरं कारण मला सर्वांत गंभीर वाटतं आणि त्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. मिसळण्याने नकाशाच पुसला जातो. वायव्येकडची दोनशे कासवं दक्षिणेतल्या एका माळावर सोडली आणि ती तिथल्यांशी मिसळली, की तो माळ संदर्भ म्हणून बाद झाला. उद्या तिथून चोरलेलं कासव तपासलं तर उत्तर गोंधळाचं येणार. म्हणजे आजची घाईची सुटका उद्याच्या तपासाचा पुरावा खाते. आणि हे उलटवता येत नाही, कारण सोडलेली कासवं पुन्हा वेचून आणणं कुणाच्याही हातात नाही.

पण मी कट्टर शुद्धतेच्या बाजूनेही नाही. 'आधी शंभर टक्के खात्री, मग सुटका' असं म्हणत बसलो तर कासवं पिंजऱ्यातच म्हातारी होतील. गट दोन असतील आणि चाचणी गट सांगत असेल, तर सुरुवातीला तेवढंही पुरे. दक्षिणेतलं दक्षिणेत, वायव्येतलं वायव्येत. जिल्हा नंतर शोधू.

आणि जी मिश्र निघतील किंवा ओळखूच येणार नाहीत त्यांचं काय? त्यांना सोडू नये, पण ती टाकाऊही नाहीत. म्यानमारमध्ये याच कासवाचा सख्खा भाऊ आहे, बर्मी स्टार कासव. तस्करीमुळे ते जंगलातून जवळजवळ नाहीसं झालं होतं. 2004 च्या सुमाराला तिथे साधारण 175 कासवं जमवून प्रजनन सुरू केलं, त्यातली बरीचशी तस्करांकडून सोडवलेली. पुढच्या दीड दशकाच्या आत ती संख्या 14,000 च्या वर गेली. जप्तीचा मुद्देमालच तिथे बियाणं ठरला.

बाप कोण, हेही कळावं लागतं

बंदिस्त प्रजनन म्हटलं की डीएनएचं दुसरं काम सुरू होतं. यासाठी गॅलापागोस बेटांवरच्या एस्पानोला बेटाचं उदाहरण बघू. तिथली महाकाय कासवं 1960 च्या दशकात संपायला आली होती. सगळी मिळून उरली पंधरा, बारा माद्या आणि तीन नर. तिसरा नर तर अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातून आणला. त्याचं नाव दिएगो. त्यांच्यापासून झालेली जवळपास दोन हजार कासवं बेटावर परत गेली आणि 2020 मध्ये दिएगोलाही बेटावर सोडून दिलं. जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला 'जात वाचवणारा रंगेल नर' ठरवून टाकलं.

पितृत्व चाचणीने वेगळंच सांगितलं. दिएगोच्या वाट्याला साधारण 40 टक्के पिल्लं. बाकीची जवळजवळ सगळी दुसऱ्या एका नराची, ज्याला धड नावही नाही, नुसता क्रमांक, ई 5. तो शांत, लाजाळू वगैरे असल्याने कुणाच्या लक्षात आला नाही. तिसऱ्या नराचं योगदान नगण्य. पिंजऱ्याबाहेरून बघणाऱ्यांना यातलं काहीच दिसलं नव्हतं.

गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा असा की दोन हजार कासवं दिसायला भरपूर, पण त्यांच्यातला बापांकडचा वारसा जवळजवळ दोनच नरांचा. संख्या वाढली तरी विविधता वाढत नाही. आपल्याकडच्या एखाद्या केंद्रात शंभर जप्त कासवांपासून पिल्लं झाली आणि ती दोन-तीन दांडग्या नरांचीच निघाली, तर तो हिशेब वेळीच कळायला हवा. म्हणजे जोड्या बदलता येतात.

डीएनए काय सांगू शकत नाही तेही इथेच सांगतो. पिल्लू नर की मादी, हे नाही सांगता येत. स्टार कासवात, तसंच समुद्री कासवांत, लिंग गुणसूत्रांवर ठरत नाही, अंडी किती तापमानात उबली त्यावर ठरतं. गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. जिथे लिंगाचं गुणसूत्रच नाही तिथे ते शोधणार कुठे?

गुहागरची पाहुणी

आत्तापर्यंत माणसाने उचलून नेलेल्या कासवांबद्दल बोललो. जी स्वतःच फिरतात त्यांच्याबद्दल नकाशा किती भरवशाचा? याचं उत्तर आपल्याच किनाऱ्यावर मिळालं.

जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या किनाऱ्यावर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला आली. तिच्या पुढच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूची पट्टी होती, क्रमांक 03233. ती पट्टी लावली होती भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी, 2021 मध्ये, ओडिशात. म्हणजे बंगालच्या उपसागरात अंडी घालणारी मादी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात कोकणात आली, साडेतीन हजार किलोमीटरच्या वर. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिम किनाऱ्याची वेगळी असं तोवर साधारणपणे गृहीत धरलं जायचं.

आता एका पट्टीवरून किती निष्कर्ष काढायचा? मला वाटतं थोडा. एक कासव आलं याचा अर्थ शेकडो येतात असा नाही. पण लोकसंख्या-जनुकशास्त्रात एक जुना ठोकताळा आहे. दोन गटांमध्ये दर पिढीला एखाद-दुसऱ्या प्राण्याची देवाणघेवाण झाली तरी ते गट जनुकीयदृष्ट्या फार दूर जात नाहीत. म्हणजे 03233 सारख्या अगदी मोजक्या माद्या असल्या तरी कोकण आणि ओडिशा जोडलेले असू शकतात. पट्टी एका प्राण्याचा प्रवास सांगते, डीएनए पिढ्यांचा. हजारो कासवांना पट्ट्या लावून एखादी परत दिसण्याची वाट बघण्यापेक्षा, कोकणातल्या शंभर घरट्यांतून एकेक नमुना घेतला तर हे नातं किती दाट आहे ते काही महिन्यांत कळू शकतं.

आणि त्यासाठी एकाही जिवंत कासवाला हात लावायची गरज नाही. वेळासला 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने घरटी राखायला सुरुवात केली. आता कोकणात ठिकठिकाणी कासवमित्र आहेत, अंडी हॅचरीत हलवतात, पिल्लं समुद्रात सोडतात. प्रत्येक घरट्यात काही अंडी उबत नाहीत, काही पिल्लं वर येण्याआधीच मरतात. ती अल्कोहोलच्या छोट्या बाटलीत ठेवून वर घरट्याची तारीख आणि जागा लिहिली की झाला नमुना. परवानगी आणि प्रयोगशाळा मात्र लागते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याचं मेलेलं पिल्लूही कुणाला असंच घरी नेता येत नाही, त्यामुळे उत्साही पर्यटकांनी कृपया यात पडू नये.

ओडिशाच्या बाजूचा संदर्भ तयार आहे. कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्येच पूर्व किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेंचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासून दाखवलं होतं की त्यांचा वंश जगातल्या इतर ऑलिव्ह रिडलेंपेक्षा वेगळा आणि जुना आहे. इतका जुना, की इतर महासागरांत ही जात भारताच्या बाजूने पसरली असावी अशी शक्यता त्यांनी मांडली. भारतातली कासवं वाचवणं हे नुसतं एका किनाऱ्यापुरतं काम नाही, या दाव्याला त्या अभ्यासाने आधार दिला.

गेंड्याला जमलं

परत जप्तीकडे येतो, कारण पैसा आणि निर्णय तिथे अडलाय.

भारतात गेंड्यांसाठी डीएनए नोंदींची व्यवस्था आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पद्धतीच्या धर्तीवर 2016 मध्ये ऱ्होडिस-इंडिया सुरू झालं, केंद्रीय पर्यावरण मंत्रालय, राज्यांचे वनविभाग, डब्ल्यूडब्ल्यूएफ आणि हीच डेहराडूनची संस्था मिळून. शिंग पकडलं की ते कुठल्या गेंड्याचं हे जुळवायचा प्रयत्न करता येतो. समुद्री कासवांसाठी शेलबँक नावाचा आंतरराष्ट्रीय संदर्भ-संच आहे. हॉक्सबिल कासवाच्या पाठीपासून बनवलेल्या बांगड्या-कंगव्यांतून डीएनए काढून ते कासव कुठल्या किनाऱ्याच्या वंशाचं हे त्यात शोधतात. म्हणजे कल्पना नवी नाही, पद्धत नवी नाही, प्रयोगशाळाही तीच आहे.

स्टार कासवासाठी दोन गटांचा नकाशा हाती आलाय. आता तो रोजच्या वापरात यायला हवा, आणि इथे काम तंत्रज्ञानाचं कमी, कार्यपद्धतीचं जास्त आहे. जप्तीच्या पंचनाम्यासोबतच प्रत्येक कासवाचा स्वॅब घेतला जावा. प्रत्येकाचा, कारण एका बॅगेतली सगळी कासवं एकाच ठिकाणची असतात असं समजायला आधार नाही, व्यापारी चार ठिकाणचा माल एकत्र करतात. स्वॅबला क्रमांक मिळावा आणि कासवाला तोच क्रमांक असलेली मायक्रोचिप. निकाल येईपर्यंत विलगीकरण, नाहीतरी ते लागतंच. न्यायालयात सुटकेची परवानगी मागताना गटाचा अहवाल सोबत जोडलेला असावा. खटल्यातही त्याचा उपयोग आहे. चार वेगवेगळ्या जप्त्यांमधली कासवं एकाच भागातली निघाली तर पकडणारी टोळी कुठे शोधायची हे पोलिसांना कळतं. आज आपण विमानतळावरच्या पोऱ्याला पकडतो, माळावरच्या दलालापर्यंत पोचत नाही.

खर्चाचा मुद्दा निघतोच. पूर्वी तो खरा होता. आता अक्षरं वाचणारी यंत्रं इतकी लहान झाली आहेत की ऑक्सफर्ड नॅनोपोअर कंपनीचं मिनआयन हे उपकरण तळहातावर मावतं आणि लॅपटॉपला जोडून चालतं. प्रत्येक वनविभागाने ते विकत घ्यावं असं मी म्हणत नाही, त्यासाठी लागणारं रसायन, थंड साखळी आणि वाचता येणारी माणसं हा खरा खर्च. नमुने नीट गोळा करून एका ठिकाणी पाठवणं जास्त स्वस्त आणि जास्त भरवशाचं.

जाता जाता एक कासव, जे पूर्णपणे आपलं आहे. लीथचं मऊ पाठीचं कासव, निल्सोनिया लीथी. कृष्णा, गोदावरी आणि दख्खनच्या इतर नद्यांत राहतं. 1872 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं पहिलं वर्णन केलं ते पुण्याकडून गेलेल्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त आहे, आणि 2022 मध्ये पनामात झालेल्या साइट्सच्या बैठकीत भारताच्या प्रस्तावावरून तेही पहिल्या परिशिष्टात गेलं. त्याचं मांस खाल्लं जातं, त्यामुळे जप्तीत ते बऱ्याचदा अख्खं नसतं, तुकडे असतात, आणि तुकड्यावरून जात ओळखायला डीएनएशिवाय मार्ग नाही. कोळ्यांच्या जाळ्यात ते अजूनही कधीकधी येतं. कृष्णेतलं आणि गोदावरीतलं एकच का, हे विचारण्यासाठी लागणारे नमुने त्या जाळ्यांतूनच मिळतील. जाळ्यात मेलेलं कासव दिसलं तर कोळी ते सहसा पाण्यात टाकून देतात, कारण वनविभागाला कळवलं तर आपल्यावरच गुन्हा दाखल होईल अशी त्यांना भीती असते.